तिसऱ्यांदा विचारण्याआधी

आर्डिस हॉगस्टाड शॉवरमध्ये घसरून पडली तो आवाज तिच्या नवऱ्याने, व्हर्लिनने, गॅरेजमध्ये ऐकला आणि छपरावरचा बर्फ कोसळला असं समजून तो पुन्हा कामाला लागला. मार्च संपत आला होता, बर्फ कोसळायचाच. थोड्या वेळाने तो हात धुवायला घरात आला तेव्हा आर्डिस शॉवरच्या पडद्यात स्वतःला गुंडाळून, पडद्याची दांडी मांडीवर घेऊन खाली बसली होती.

"कधी पडलीस?"

"झाला थोडा वेळ."

"हाक मारायची."

"तू कामात होतास."

हाड मोडलं नव्हतं. कमरेवर वांग्याच्या रंगाचा एक डाग उठला आणि आठवड्याभरात तो पिकल्या केळ्याच्या रंगावर आला. प्रकरण तिथेच मिटलं असतं, पण रविवारच्या फोनवर आर्डिसने ते मुलीला सांगितलं. मुलगी कर्स्टन मिनियापोलिसला नर्स होती. तिने सगळं ऐकून घेतलं, डॉक्टरांना दाखवलं का ते विचारलं, आणि मग म्हणाली, "तुम्ही दोघं आमच्याकडेच का येत नाही राहायला? तळघरात खोली आहेच की."

घरातल्या दुसऱ्या फोनवरून व्हर्लिन म्हणाला, "छे छे. तुम्हाला कशाला त्रास."

पुढच्या रविवारी कर्स्टनने पुन्हा विचारलं. व्हर्लिन पुन्हा नको म्हणाला. फोन ठेवल्यावर मात्र तो स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसला आणि बराच वेळ उठला नाही.

"काय झालं?" आर्डिसने विचारलं.

"दोनदा विचारून झालं."

आर्डिसला यापुढे समजावून सांगायची गरज नव्हती. व्हर्लिन ज्या नॉर्वेहून आलेल्या लूथरन ख्रिस्ती लोकांत वाढला होता त्यांच्यात पहिल्यांदा विचारणं म्हणजे नुसतं खाकरणं असतं. दुसऱ्यांदा विचारणं हा शिष्टाचार. तिसरं विचारणं खरं. पहिल्या दोन्हींना नको म्हणायचं असतं, मग ती कॉफी असो, घरापर्यंत गाडीने सोडणं असो, नाहीतर मूत्रपिंड. तिसऱ्याला नको म्हणणं म्हणजे विचारणाऱ्याच्या तोंडावर दार लावणं. व्हर्लिनने चौऱ्याहत्तर वर्षांच्या आयुष्यात असं दार कोणाच्याही तोंडावर लावलेलं नव्हतं, आणि पोटच्या पोरीपासून सुरुवात करायचा त्याचा विचार नव्हता. थोडक्यात, कर्स्टनने आणखी एकदा विचारलं की तळं, होडी, गॅरेज आणि भिंतीवरची हरणाची शिंगं मागे टाकून मुलीच्या तळघरात जाऊन राहायचं, हे ठरल्यातच जमा होतं. आणि ईस्टरच्या आदल्या दिवशी, शनिवारी, ती येणार होती.

"तर मग तिने विचारायचंच नाही, असं काहीतरी केलं पाहिजे," व्हर्लिन म्हणाला.

"म्हणजे काय करणार?"

"शॉवरचा तळ दुरुस्त करणार. घसरायचं कारणच राहिलं नाही तर विचारायचं कारण राहतं का?"

तळ खरंच वाईट झाला होता. फायबरचा होता, आणि वर्षानुवर्षांच्या साबणाने आणि टाचांनी त्याच्यावरचं खडबडीत कवच झिजून तो माशाच्या पोटासारखा गुळगुळीत झाला होता. आर्डिसने एकदा त्याच्यावर फुलांच्या आकाराचे चिकटपट्टीचे तुकडे लावले होते. ते एकेक करून निघून जाळीतून वाहून गेले होते. गावातला दुरुस्तीवाला जूनपर्यंत मोकळा नव्हता.

व्हर्लिनला दुरुस्तीवाला नकोच होता. घसरणं या विषयात त्या जिल्ह्यात त्याच्याइतका अनुभव कोणालाच नव्हता, असं त्याचं प्रामाणिक मत होतं. नोकरीभर त्याने जिल्ह्याचा बर्फ काढायचा ट्रक चालवला होता. पहाटे उठून रस्त्यावरचा बर्फ बाजूला सारायचा आणि मागे मीठ आणि वाळू टाकत जायचं. वाळू कमी पडली तर लोक खड्ड्यात जातात, हे त्याने पाहिलं होतं. वाळू जास्त झाली म्हणून कोणाचं वाईट झालेलं त्याला आठवत नव्हतं. घर्षण ही गोष्ट त्याच्या लेखी पुण्यासारखी होती. कितीही जमवा, जास्त होत नाही.

ताटं आवरताना त्याने एकदा सहज विचारलं, "कर्स्टन त्या खोलीबद्दल तुला आणखी काही म्हणाली का?"

आर्डिस बशी पुसत होती. ती म्हणाली, "नाही. विशेष काही नाही."

"बरं," म्हणून व्हर्लिन गॅरेजमध्ये गेला.

गॅरेजच्या फळीवर त्याला हवं ते सापडलं. मागच्या शरद ऋतूत त्याने आपल्या पिकअपच्या हौद्याला रबराच्या दाण्यांचं काळं रोगण लावलं होतं. तेव्हापासून त्या हौद्यात लाकडं, दगड, इंजिन, एकदा तर जिवंत बकरीसुद्धा नेऊन झाली होती आणि काहीही तसूभर सरकलं नव्हतं. बकरीसुद्धा नाही. अर्धा डबा उरला होता. डब्यावर एक धडधाकट माणूस हौद्यात उभा राहून लोखंडी फावडं आपटत होता आणि खाली लिहिलं होतं : आयुष्यभराची हमी. कोणाच्या आयुष्याची, ते लिहिलेलं नव्हतं.

व्हर्लिनला वाटलं, जे बकरीला चालतं ते आर्डिसला का चालू नये. त्याच्यावर अन्याय नको म्हणून सांगायला हवं की तळ्याच्या त्या काठावरच्या कुठल्याही पुरुषाला असंच वाटलं असतं. तिथे माणूस पिकअपला जे लावतो ते त्याच्या दृष्टीने जगातलं सर्वोत्तम असतं. घराला उरलंसुरलं मिळतं.

सोमवारी तो कामाला लागला. काम त्याने मनापासून केलं, यात शंका नाही. तळ धुतला, वाळवला, पॉलिश पेपरने घासून खरखरीत केला, स्पिरिटने पुसला, आणि रोलरने पहिला हात दिला. मग उठून उभा राहिला आणि मान तिरकी करून बघू लागला. रोगण दाणेदार होतं, छान होतं. पण व्हर्लिनला त्या क्षणी तळ्याकाठच्या वळणाची आठवण झाली, जिथे तो नेहमी दोन फेऱ्या जास्त वाळू टाकत असे. गॅरेजमध्ये रस्त्याच्या वाळूची एक बादली कायम भरलेली असायची. त्यातली दोन मुठी त्याने डब्यात टाकली, ढवळलं, आणि दुसरा हात दिला. जाळीच्या भोवती पाणी जास्त म्हणून तिथे तिसरा दिला.

आर्डिस दारात येऊन उभी राहिली. पांढऱ्याशुभ्र बाथरूमच्या मधोमध नुकत्याच केलेल्या डांबरी रस्त्याचा एक चौकोन होता.

"हं," ती म्हणाली. "वेगळंच आहे."

व्हर्लिनच्या हातातला रोलर खाली आला. या भागात 'वेगळंच आहे' यापेक्षा कठोर शब्द भल्या घरातली माणसं वापरत नाहीत. मागच्या पाद्र्याने चर्चमध्ये ड्रम आणले तेव्हाही लोक एवढंच म्हणाले होते. तो पाद्री आता डकोटात असतो.

"वाळल्यावर बघ," व्हर्लिन म्हणाला.

वाळणं हा पुढचा प्रश्न होता. डब्यावर म्हटलं होतं की जागा उबदार हवी आणि हवा खेळती हवी. एप्रिलच्या सुरुवातीला त्या तळ्याकाठी यातलं एकच काहीतरी मिळतं. खिडकी उघडली की बाथरूम थंडगार पडायचं आणि रोगण वाळायचं थांबायचं, कारण असली रोगणं नुसती सुकत नाहीत, आतल्या आत त्यांची रासायनिक जुळणी होते आणि थंडीत ती आळसावते. खिडकी लावली की वास साऱ्या घरात पसरायचा. मंगळवारी सकाळच्या कॉफीला टायरची चव होती. दुपारी आर्डिसने हॉटडिश केली, खिम्यावर बटाटे लावून ओव्हनमध्ये भाजायची, तर त्या बटाट्यांनाही तीच चव.

"भाजलंय छान," व्हर्लिन म्हणाला.

"टायर भाजला की असाच लागतो," आर्डिस म्हणाली.

मग व्हर्लिनने बर्फावरच्या मासेमारीच्या खोपटातला हीटर आणला, तो कमोडवर ठेवला, आणि खिडकी दोन बोटं उघडी ठेवली. दर थोड्या वेळाने तो आत जाऊन थर्मामीटर बघायचा, खिडकी एक बोट वर-खाली करायचा. घरात तान्हं मूल आजारी असावं तसा तो दबक्या पावलांनी फिरत होता. शुक्रवारपर्यंत पाण्याचा थेंब पडता कामा नये असा त्याने हुकूम काढला.

"आणि अंघोळ?" आर्डिसने विचारलं.

"सिंकपाशी अंग पुसू. माझी आई सगळं आयुष्य तेच करायची."

"तुझी आई एकोणीसशे तीसमध्ये होती." आर्डिसने खिडकीतून कुंपणापलीकडे पाहिलं. "लाह्तींकडे सौना आहे."

शेजारच्या डुएन लाह्तीने स्वतःच्या हातांनी बांधलेली देवदारी लाकडाची ती वाफेच्या अंघोळीची खोली तळ्याच्या काठाला उभी होती आणि दर बुधवार-शनिवारी तिच्या धुराड्यातून धूर निघायचा. लाह्ती मंडळी फिनिश, मूळची फिनलंडची. तीस वर्षांपूर्वी, हॉगस्टाड राहायला आले त्या उन्हाळ्यात, डुएन कुंपणाशी येऊन म्हणाला होता, "सौना तापलाय. या." व्हर्लिन रीतीप्रमाणे म्हणाला होता, "नको नको, तुम्हाला कशाला त्रास." डुएन "बरं" म्हणून परत गेला होता. व्हर्लिन दुसऱ्यांदा विचारण्याची वाट बघत थांबला होता. अजून थांबलेलाच होता.

"त्यांनी बोलावलंय कुठे?" तो म्हणाला.

"बोलावलं होतं की."

"एकदा."

बुधवारी दुपारी आर्डिस दोन अंडी उसनी आणायला म्हणून लाह्तींकडे गेली, ती संध्याकाळी परत आली. चेहरा उकडलेल्या बिटासारखा लाल, केस ओले, आणि चाल अशी की कमरेला कधी काही झालंच नव्हतं. अंडी नव्हती.

"कुठे होतीस?"

"सौनात. आयलीने विचारलं, येतेस का." आयली म्हणजे डुएनची बायको.

"मग तू काय म्हणालीस?"

"हो म्हणाले."

व्हर्लिनने हातातलं वर्तमानपत्र खाली ठेवलं. "पहिल्यांदाच?"

"पहिल्यांदाच."

"त्यांना काय वाटलं असेल, आर्डिस?"

"माहीत नाही. तिने टॉवेल दिला." आर्डिस खुर्चीत बसली आणि सुखाने डोळे मिटले. "बाकावर बसायचं, लाकडाच्या डोणीतून पाणी घ्यायचं, बसल्या बसल्या अंग धुवायचं. कुठे पाय घसरायची भीती नाही. तीस वर्षं आपण नुसता धूर बघितला."

दुसऱ्या दिवशी व्हर्लिन कुंपणाशी गेला. तो बोलावणं मागायला गेला नव्हता, असलं काही कोणी मागत नाही. तो फक्त दिसेल अशा जागी उभा राहिला. डुएन लाकडं फोडत होता.

"तळ्याचा बर्फ काळा पडला," व्हर्लिन म्हणाला.

"पडला."

"यंदा लवकर फुटणार."

"फुटेल."

डुएनने आणखी एक ओंडका फोडला. व्हर्लिनने मानेला हात लावला, जसा काही दिवस पाणी न लागलेला माणूस लावतो. ती सूचना पुरेशी स्पष्ट आहे असं त्याला वाटलं. डुएनने कुऱ्हाड ओंडक्यात रुतवली आणि म्हणाला, "आयली म्हणाली तुमचं बाथरूम बंद आहे. सौना तापवतो. ये."

"छे रे, तुला कशाला उगाच..."

"बरं," डुएन म्हणाला आणि त्याने कुऱ्हाड उपसली.

व्हर्लिन तिथेच उभा राहिला. समोर आलेलं ताट आपल्याच हाताने मागे सारल्यावर जसा माणूस उभा राहतो तसा.

"तू मागेही एकदा विचारलं होतंस," तो शेवटी म्हणाला. "आम्ही नवे होतो तेव्हा."

"आठवतंय."

"मग परत कधी विचारलं नाहीस."

डुएनला हा प्रश्न कळायला वेळ लागला. "नको म्हणालास ना. नको म्हणजे नको. परत विचारायचं म्हणजे तू खोटं बोललास असं म्हटल्यासारखं. शेजाऱ्याला खोटारडा कशाला म्हणू?"

व्हर्लिन घरी आला आणि त्याने सिंकपाशी अंग पुसलं. अंग पुसताना तो विचार करत होता. आजवर तो जे जे नको म्हणाला होता, त्यातलं एकही खरं नव्हतं. खरं नको कसं म्हणतात, तेच त्याला येत नव्हतं. जन्मभर ज्या चाव्यांनी त्याने दुसऱ्यांची दारं उघडली होती, त्यातली एकही स्वतःच्या घराला आतून कुलूप लावायच्या उपयोगाची नव्हती.

पण आता त्याची गरज पडणार नव्हती. तळ होताच.

शुक्रवारी तळ वाळला. व्हर्लिनने अंगठा दाबून पाहिला, नाणं घासून पाहिलं. नाण्यावरचं चित्र पुसट झालं, रोगणाला काही झालं नाही. त्याने आर्डिसला बाहेर उभं केलं, पाणी सोडलं आणि आत पाय ठेवला.

घसरण्याचा प्रश्नच नव्हता. पाऊल जिथे ठेवलं तिथे ते कर्ज फेडल्याशिवाय न सुटणाऱ्या गहाणासारखं बसलं. व्हर्लिन समाधानाने हसला आणि साबण घ्यायला वळला. कंबर वळली. गुडघे निम्मे वळले. पावलं होती तिथेच राहिली. गुडघ्यातून सुकी काटकी मोडल्यासारखा आवाज आला, व्हर्लिनने भिंत धरली, आणि साबण हातातून सुटला. साबण पडला आणि पाण्याच्या धारेने जाळीच्या दिशेने निघाला. पोचेपर्यंत त्याचा कीस झाला होता, ओल्या नारळासारखा, पांढरा आणि बारीक. मग व्हर्लिनने पाय ओढला. तिथे त्याची टाच राहिली. सगळी नव्हे, वरचा थर. तळहाताएवढ्या वजरीने लोक टाचा घासतात, इथे व्हर्लिनने स्वतःच्या घरात चार फूट बाय तीन फुटांची वजरी बांधली होती आणि तो तिच्यावर उभा होता.

"कसं आहे?" दाराबाहेरून आर्डिसने विचारलं.

"घसरत नाही," व्हर्लिन म्हणाला.

तो बाहेर आला तेव्हा चवड्यांवर चालत होता. आर्डिसने त्याच्या पायांकडे पाहिलं. "चपला घालून करता येईल अंघोळ."

"चपला घालून करायची तर रोगण कशाला लावलं?"

"तेच म्हणते मी."

शनिवारी कर्स्टन आली. एका हातात ईस्टरचं हॅम, दुसऱ्या हातात एक फुगलेली मोठी पिशवी. पिशवी तिने जिन्यापाशी ठेवली. आधी कॉफी झाली. रस्त्यांबद्दल बोलणं झालं, तळ्याच्या बर्फाबद्दल झालं, जावयाच्या दातांबद्दल झालं. आर्डिसने लिंबाच्या वड्या केल्या होत्या. ताटलीत एक उरली तेव्हा सगळे थांबले, कारण शेवटची वडी कोणी घेत नसतं. थोड्या वेळाने आर्डिसने तिचा अर्धा भाग कापून घेतला. मग कर्स्टनने उरलेल्याचा अर्धा. खोलीविषयी आणि बाथरूमविषयी बोलायचं सोडून सगळं बोलून झालं होतं.

"हात धुवून येते," कर्स्टन म्हणाली. जाताना तिने पिशवी उचलली.

वरून बराच वेळ काही आवाज आला नाही. मग फट्ट असा एक आवाज आला. मग पुन्हा फट्ट. मग काहीतरी घसरत गेल्याचा.

व्हर्लिनने आर्डिसकडे पाहिलं. आर्डिसने लिंबाच्या वडीकडे पाहिलं.

कर्स्टन खाली आली ती हातात एक पांढरी रबरी चटई घेऊन. चटईच्या खालच्या अंगाला शंभरेक गोल रबरी वाट्या होत्या, हवा दाबून जमिनीला घट्ट चिकटणाऱ्या. दुसऱ्या हातात शॉवरमध्ये बसायचं पांढरं स्टूल होतं.

"बाबा, शॉवरचा तळ," ती म्हणाली.

"केला जरा नीट."

"वेगळाच आहे."

व्हर्लिनने कॉफीचा घोट घेतला.

"मी ही चटई आणली होती," कर्स्टन म्हणाली. "आमच्या हॉस्पिटलात प्रत्येक बाथरूममध्ये असते. गुळगुळीत तळावर अशी बसते की दोन माणसांना उचलत नाही. आधीच्या तळावर झकास बसली असती. खडबडीत जागेवर वाट्यांखाली हवा शिरते, ती धरतच नाही." तिने चटई मांडीवर घेतली. "बाबा, वयस्कर माणसं नुसती घसरून पडत नाहीत. अडखळून जास्त पडतात. आई पाय उचलून टाकत नाही आता, ओढत टाकते. त्या तळावर पाऊल अडकेल आणि आई पुढे जाईल. मी आत्ता मोजे घालून उभी राहिले होते." तिने पाय वर केला. मोज्याला टाच नव्हती.

व्हर्लिनला सगळं एका दमात कळलं. त्याने हात लावला नसता तर चटई बसली असती, स्टूल तिच्यावर आलं असतं, कर्स्टन हॅम खाऊन निघून गेली असती. प्रश्न पिशवीत घालून तिने आपणहून सोडवून आणला होता. त्याने त्याच्यावर दोन मुठी वाळू टाकून, हीटर लावून, आयुष्यभराच्या हमीने तो परत पक्का केला होता.

कर्स्टनने ताटलीतल्या पाव वडीकडे पाहिलं, खिडकीबाहेर पाहिलं. तिचा चेहरा जरा उतरला होता. मग दातांच्या डॉक्टरकडे जाताना माणूस जसा श्वास घेतो तसा श्वास घेऊन ती म्हणाली, "मग तुम्ही दोघं आमच्याकडेच या राहायला."

तिसरं.

शिंगं भिंतीवर होती, तळं खिडकीत होतं, आणि व्हर्लिनच्या ओठांवर 'आता तू एवढं म्हणतेसच तर' हे शब्द आपोआप येऊन बसले होते, जसे ते पिढ्यान्‌पिढ्या या क्षणी येऊन बसत आले होते. कुंपणापलीकडे डुएन लाह्ती कुऱ्हाड चालवत होता. ठक्. मग काही नाही. मग ठक्.

"नको," व्हर्लिन म्हणाला.

पुढे काहीच नव्हतं. तुम्हाला कशाला त्रास नव्हता, आम्ही बरे आहोत नव्हतं. एकटा, उघडा शब्द टेबलावर पडला होता आणि तिघंही त्याच्याकडे बघत होती.

"नको म्हणजे?" कर्स्टनने विचारलं.

"नको म्हणजे नको."

आर्डिसचा चमचा बशीत वाजला. कर्स्टन बापाकडे बघत राहिली. मग तिच्या खांद्यांतून काहीतरी खाली उतरल्यासारखं झालं, ती "बरं" म्हणाली, आणि हात पुढे करून तिने ताटलीतली शेवटची पाव वडी उचलून सरळ तोंडात टाकली. त्या घरात असं कधी घडलं नव्हतं.

"पण मग अंघोळ कुठे करणार तुम्ही?" तोंड भरलेलं असतानाच ती म्हणाली.

"मी लाह्तींकडे करते," आर्डिस म्हणाली.

कर्स्टन लगेच उठली आणि नर्सच्या चालीने कुंपणापलीकडे गेली. तिने सौनातला बाक हलवून पाहिला, कठडा ओढून पाहिला, जमिनीच्या लाकडी पट्ट्यांवर पाय घासून पाहिला. बसून धुवायचं, धरायला कठडा, आणि सोबतीला माणूस. "हॉस्पिटलातसुद्धा इतकी चांगली सोय नाही," ती बाहेर येऊन म्हणाली. "आई, आठवड्यातून दोनदा इथेच. आणि बाबा, तू पण."

डुएन दारात उभा होता. त्याने व्हर्लिनकडे पाहिलं. "सौना तापलाय. ये."

व्हर्लिनने तोंड उघडलं, मिटलं, आणि पुन्हा उघडलं. "हो," तो म्हणाला.

आधी बायका गेल्या, मग पुरुष. व्हर्लिन पोहायची चड्डी घालून आला.

"तळ्यावर अजून बर्फ आहे," डुएन चड्डीकडे बघत म्हणाला. "कुठे पोहायला निघालास?"

व्हर्लिनने चड्डी खुंटीला अडकवली. दोघं वरच्या बाकावर बसले. डुएनने तापल्या दगडांवर पाणी टाकलं, वाफ उठली, आणि तीस वर्षं नुसता धूर बघितलेला माणूस पहिल्यांदा त्याच्या आत बसला. बराच वेळ कोणी बोललं नाही. फिनिश लोकांना त्याची सवय असते, आणि व्हर्लिनला नुकताच एका शब्दाचा एवढा खर्च झाला होता की त्याच्याकडे शिल्लक नव्हतं.

"टाचा छान झाल्यात तुझ्या," डुएन शेवटी म्हणाला.

रविवारी चर्च झालं, हॅम झालं, आणि कर्स्टन निघून गेली. पांढरं स्टूल ती ठेवून गेली होती. संध्याकाळी व्हर्लिन वर गेला तेव्हा आर्डिस त्याच स्टुलावर, शॉवरच्या दारात बसली होती. शेजारी बटाट्यांची परडी, आणि एकेक बटाटा ती पाण्याच्या बारीक धारेखाली काळ्या तळावर फिरवत होती. दोन फेऱ्यांत साल निघत होती. तिने मान वर न करता तळाकडे बोट केलं. "सोलाण्यापेक्षा चांगलं आहे."

व्हर्लिन दाराला टेकून उभा राहिला. त्याच्या मनातून कर्स्टनचा चेहरा जात नव्हता. "पोरीला वाईट वाटलं असेल गं. एवढ्या मनाने बोलावलं तिने."

"नाही वाटलं."

"कशावरून?"

"ती खोली त्यांनी नाताळातच भाड्याने दिलीय. कोणी शिकणारी मुलगी आहे, दोन मांजरी आहेत तिच्या. तू हो म्हणाला असतास तर तिला कुठे काढायचं, या काळजीने कर्स्टनला आठवडाभर झोप नव्हती. निघताना गाडीत हसत बसली होती."

व्हर्लिनला हे नीट ऐकायला थोडा वेळ लागला. "मग बोलावलं कशाला?"

"आई पडल्यावर मुलगी बोलावणार नाही का? बोलवायचं असतं."

"आणि तुला हे आधीपासून माहीत होतं?"

"नाताळपासून."

"आर्डिस, मी तुला विचारलं होतं. रोगण लावायच्या आधी विचारलं होतं, ती त्या खोलीबद्दल काही म्हणाली का. तू म्हणालीस, विशेष काही नाही."

आर्डिसने हातातला बटाटा तळावर एक फेरा फिरवला, उलटा केला, दुसरा फेरा फिरवला, आणि परडीत टाकला.

"एकदाच विचारलंस," ती म्हणाली.